आत्याबाईंचा जोडीदार

खोटं कधीच न बोलणारा माणूस गोष्टीत भेटलेला बरा. शेजारी राहायला आला की गावाची झोप उडते. आमच्या आकुर्डीत असा एक माणूस सात-आठ महिने राहून गेला. तेवढ्या मुदतीत त्याने पाटलांना भजनात त्यांचा सूर लागत नसल्याचं सांगितलं, मला माझ्यासारखं इंग्रजी कुठल्याच देशात बोलत नाहीत असं सांगितलं, आणि ज्या आत्याबाईंकडे तो राहत होता त्यांनी पहिल्याच दिवशी कौतुकाने विचारलं, "जेवान कसं झालं रं, लेकरा?" तर हात जोडून म्हणाला, "भाकरी एका बाजूने जळली होती व दुसऱ्या बाजूने कच्ची होती. मी आपला अत्यंत ऋणी आहे."

कुठल्या तरी जुन्या व्याकरणाच्या पुस्तकावर त्याची मराठी पोसलेली होती. गल्लीत म्हैस आडवी आली तर तिलासुद्धा तो "कृपया बाजूस व्हावे" म्हणायचा आणि ती होईपर्यंत अदबीने थांबायचा. आमच्या म्हशींना एवढ्या मानपानाची सवय नव्हती. त्यामुळे तो सगळीकडे उशिरा पोचायचा.

छप्पन-सत्तावनचा सुमार असेल. पिंपरीत औषधांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता, पण आकुर्डी म्हणजे अजून ज्वारीची शेतं, खंडोबाचं देऊळ आणि माझी चार इयत्तांची शाळा. मी बावीस वर्षांचा, एकटा, चिपळूणकडून बदलून आलेला मास्तर. गणपती उठले आणि पुण्याच्या माझ्या जुन्या शिक्षकांची चिठ्ठी घेऊन दोन अमेरिकन पोरं शाळेच्या दारात उभी राहिली. पांढरा सदरा, काळा टाय, काळी विजार, चेहऱ्यावर घामाच्या धारा. धर्मप्रचारक होते. पंथाचं नाव मॉर्मन. पुण्यात जो तो त्यांच्याशी इंग्रजीच झाडायचा, म्हणून त्यांच्या मुंबईच्या साहेबांनी ठरवलं होतं, की यांना सहा-आठ महिने खेड्यात टाकावं आणि इंग्रजीचा वारा लागू देऊ नये. ते त्यांचं प्रशिक्षण. शिकवणं माझ्याकडे आलं, आणि राहायला आत्याबाईंच्या गोठ्याशेजारची खोली मिळाली.

त्यांच्यात प्रचारकाला एक पदवी असते. तिचा अर्थ काय म्हणून विचारलं तर दोघांतला उंच पोरगा गंभीरपणे म्हणाला, "वडील." वय विचारलं तर एकोणीस. ओठावर मिशीची रेघ नाही. आत्याबाई पदर तोंडाला लावून अशा हसल्या, की त्यांना खाली बसावं लागलं. त्या दिवसापासून गाव त्याला वडील म्हणू लागलं आणि आज इतक्या वर्षांनी मीही म्हणतो. दुसरा गुटगुटीत होता. तो धाकले वडील झाला.

वडिलांचा पहिला नियम असा, की एकट्याने कुठे जायचं नाही. जोडीदार कायम नजरेच्या नाहीतर हाकेच्या टप्प्यात पाहिजे. विहिरीवर दोघं, पिठाच्या गिरणीत दोघं. सकाळी टमरेल घेऊन ओढ्याकडे निघाले तरी दोघं, आणि तेसुद्धा टाय लावून. ओढ्याकाठी आधीपासून बसलेल्या मंडळींना उठून रामराम करावा की नाही हेच कळेना.

आत्याबाईंचं खरं नाव गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्न झाल्यावर दोन वर्षांत कपाळ पांढरं झालं आणि त्या माहेरी परतल्या. भावाच्या पोरांच्या आत्या, मग शेजाऱ्यांच्या, मग सगळ्या गावाच्या. कुणाच्या घरची आत्या परगावी असली की बारशाला यांना बोलावणं यायचं. निम्म्या आकुर्डीच्या कानात नाव त्यांनीच सांगितलेलं, आणि नाव सांगितल्यावर आत्याच्या पाठीत बायकांच्या बुक्क्या बसतात, त्याही त्यांनीच खाल्लेल्या. स्वतःचं मूल नव्हतं. त्याबद्दल त्या कधी बोलायच्या नाहीत, पण दुसऱ्याचं पोर हाती आलं की लवकर परत द्यायच्याही नाहीत.

पोरं राहायला आली त्या दिवशी आत्याबाईंनी दारातच विचारलं, "आमाला बाटवाया आलायसा का?"

मी तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, "होय. परंतु तूर्त मला भाषा येत नाही."

आत्याबाईंनी विचार केला. "मग येईस्तवर ऱ्हा," म्हणाल्या, आणि खोलीची कडी काढून दिली.

चहाचं प्रकरण पहिल्याच आठवड्यात घडलं. पाटलांनी दोघांना बोलावलं, फडताळातल्या नक्षीच्या कपबश्या काढल्या, निव्वळ दुधाचा चहा केला. वडील म्हणाले, "क्षमा असावी. आमच्या धर्मात चहा निषिद्ध आहे."

पाटलांना वाटलं पोरगा शब्द चुकला. "दारू म्हनायचंय का तुला?"

"दारूही."

"मग आमच्या हातचं चालत न्हाई आसं सरळ सांग की राव."

"आपल्या हातचे चालते. चहा चालत नाही."

पाटलांना काही पटलं नाही. गोऱ्याचं सोवळं भारी कडक आहे अशी वार्ता संध्याकाळपर्यंत वेशीबाहेर गेली. चार दिवस दोघांना पाहून लोक दारं लोटून घेत होते. वडील प्रत्येक बंद दारापाशी थांबून आत ऐकू जाईल असं "नमस्कार" म्हणायचे आणि पुढे जायचे. पाचव्या दिवशी आत्याबाई उठल्या, दोघांना पुढे घातलं आणि थेट पाटलांच्या ओट्यावर नेलं.

"चहा गावात येऊन किती दीस झालं?" त्यांनी पाटलांना विचारलं. "तुझ्या आज्ज्यानं कुनाला चहा पाजला व्हता का? पावण्याला काय द्यायचं आपल्यात?"

"गूळपानी," पाटील पडेल आवाजात म्हणाले.

"मग दे की."

गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी आलं. वडिलांनी खडा कडाकडा खाल्ला, तांब्या तोंडाला लावून रिकामा केला आणि अत्यंत ऋणी झाले. पाटील इतके खूश झाले, की मांडी ठोकून म्हणाले, "काल देवळात भजनाला हुतास न्हवं? कसं काय वाटलं आमचं गानं?"

मी डोळे मिटून घेतले. त्यानंतर पाटील पंधरा दिवस वडिलांशी बोलले नाहीत, पण भजनात मागे बसून नुसते टाळ वाजवू लागले. भजनी मंडळाने वडिलांचा नारळ देऊन सत्कार केला.

प्रार्थना करताना ते हात जोडायचे नाहीत. छातीशी हातांची घडी घालायचे, मान खाली, डोळे मिटलेले. माझ्या पहिलीच्या वर्गात गोंगाट झाला की मी पोरांना जसं बसवायचो, अगदी तसं. देवाने एवढ्या लांबून आणून यांना शिक्षा का केली असेल, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास असायचा. पाण्याचा थेंबही नाही. आत्याबाईंनी भगर टाकली, शेंगदाण्याची आमटी केली, तर वडील म्हणाले, उपासाला काही खायचं नसतं. आत्याबाईंनी पळी खाली ठेवली. उपासाला काही खायचं नाही म्हणजे कमाल झाली!

"आयतवारचा आन् निर्जळी," त्या चार बायकांत सांगू लागल्या. "आयतवार कुनाचा? खंडोबाचा. त्याला ठावं न्हाई, पर पोरगं खंडोबाचंच हाय."

दिवाळीनंतर धाकले वडील पिवळे पडले. कावीळ. त्यांना मुंबईला दवाखान्यात नेलं आणि तिथून परस्पर घरी पाठवलं. वडील जोडीदाराशिवाय उरले. डिसेंबरच्या सुरुवातीला साहेबांचं पत्र आलं. ते वडिलांनी मला वाचायला दिलं. मजकूर थोडा होता. आपल्या माणसाने एकटं राहायचं नाही हा नियम आहे. दुसरा मुलगा इकडे मोकळा नाही. मी नाताळच्या दिवशी येतो आणि तुला घेऊन जातो, मग घरी जायची व्यवस्था करू. तोवर गावातलं कुणी विश्वासू माणूस सोबत ठेव.

मला वाटलं, सुटला बिचारा. तसं म्हणालोही. वडिलांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि गोठ्यात गेले. ते शेतकऱ्याच्या घरातले, त्यामुळे आत्याबाईंच्या गाईची धार काढायचं काम त्यांनी केव्हाच स्वतःकडे घेतलं होतं. बराच वेळ झाला तरी चरवीत धारेचा आवाज येईना, म्हणून आत्याबाई आणि मी डोकावलो. गाईच्या पोटाला कपाळ टेकवून ते बसले होते.

"काय झालं रं?" आत्याबाईंनी विचारलं.

"मी रडत आहे," वडील म्हणाले. "मला आईची आठवण येते. आणि मला परत जायचे नाही. दोन्ही खरे आहे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्याकडे पोरगा वयात आला की दोन वर्षं अशी देवाला द्यायची. आजोबांनी दिली, बापाने दिली, चौघा थोरल्या भावांनी दिली. मधेच परत आलेला त्यांच्या घराण्यात एकही नव्हता. त्यांच्या गावातला एकजण आला होता. त्याला कुणी काही बोललं नाही, पण देवळात त्याच्या बाकावर कुणी बसेनासं झालं. "तो आता उभा राहूनच प्रार्थना ऐकतो," वडील म्हणाले. आणि नाताळ कधी घराबाहेर काढला नव्हता. तिकडे गुडघाभर बर्फ असायचं, आई पहाटेपासून गोड पाव भाजायची, सगळे भाऊ गोठ्यात जाऊन गुरांना आधी जास्तीची वैरण घालायचे आणि मग स्वतः खायचे.

"किती भाऊ तुमी?"

"मी धरून सहा."

"आन् भनी?"

"बहीण नाही."

आत्याबाईंना हे बर्फापेक्षा भयंकर वाटलं. "म्हंजे उद्या तुला पोर झालं तर त्याला आत्याच न्हाई? नाव कोन ठिवनार त्येचं?"

वडिलांनी प्रामाणिकपणे विचार केला. "हा प्रश्न मला कोणी पूर्वी विचारला नव्हता," म्हणाले.

आत्याबाईंनी पदराने त्यांचं तोंड पुसलं. "जोडीदार पायजे ना? मी हाय की," त्या म्हणाल्या. "बघू कोन न्हेतंय तुला."

त्या दिवसापासून दिवसपाळी आत्याबाईंची आणि शाळा सुटल्यावर पाळी माझी. हातात काठी घेतलेल्या साठीच्या आत्याबाई पुढे आणि टाय लावलेले सहा फुटी वडील मागे, अशी जोडी चिंचवडापासून निगडीपर्यंत लोक थांबून बघायचे. वडील पारावर उभे राहून पुस्तक उघडायचे, "सद्गृहस्थहो" म्हणायचे आणि दुसरं वाक्य आठवायला लागायचे. तेवढ्यात आत्याबाई काठी टेकून सुरू व्हायच्या.

"ह्येच्या देवाचं आईबाप परगावी निघालं व्हतं. बाई दिस भरलेली. समदी दारं ठोकली, कुनी उगडंना. शेवटी गोठ्यात बाळंत झाली बिचारी. आता खरं सांगा, आपल्या गावात आसं झालं आस्तं का?"

"न्हाई बा!" लोक एकमुखाने म्हणायचे, आणि त्या परक्या गावाला यथेच्छ शिव्या द्यायचे.

वडील मान हलवून दुजोरा द्यायचे, "हे सत्य आहे." तीन शहाणी माणसं सोनं आणि धूप घेऊन आली हे त्यांनी सांगितलं, तर बायका चिडल्या. बाळंतिणीला सोनं काय चाटायचंय? डिंकाचे लाडू कुणी आणले की नाही? न्हाऊमाखू कुणी घातलं? वडील पुस्तक चाळून खिन्नपणे म्हणायचे, "लिहिलेले नाही."

नाताळ आठ दिवसांवर आला तेव्हा आत्याबाईंनी जाहीर केलं, की देवाचा जन्म आहे तर तो रीतसर झाला पाहिजे. गोठा आपल्याकडे आहेच. पाळणा बांधायचा. तो साहेब येईल त्याला दिसू दे, पोरगा एकटा हाय का गावाचा हाय. आता यात दोन पक्ष पडले. पाटलांचं म्हणणं, हा रामनवमीसारखा जन्मोत्सव, तेव्हा प्रसाद सुंठवड्याचा. बायकांचं म्हणणं, पाळण्यात नाव ठेवायचं म्हणजे ते बारसं, तेव्हा घुगऱ्या. दोन दिवस वाद रंगला. शेवटी दोन्ही करायचं ठरलं. वेळ दुपारी बाराची धरली. वडील म्हणाले, जन्म बहुधा रात्री झाला होता. पाटील म्हणाले, रात्रीच्या थंडीत काय गंमत नसते, देव काय म्हनत न्हाई.

एकच अडचण उरली. बाळाची आत्या कोण? म्हणजे बाळाच्या बापाला बहीण होती का? वडिलांनी दोन दिवस पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत पालथं घातलं. जेवायलासुद्धा ते बोट पानात घालून यायचे. मग डोळे लाल करून सांगत आले, "लिहिलेले नाही."

"लिवलं न्हाई म्हंजे नव्हती आसं व्हतं का?" आत्याबाई म्हणाल्या. "माझं तरी कुटं लिवलंय? मी न्हाई का?"

वडिलांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

नाताळच्या दिवशी गोठा शेणाने सारवला होता. गाईच्या शिंगांना झेंडूच्या माळा. मध्ये पाळणा, त्यात कुंची घातलेला नारळ. वडिलांनी नारळाबद्दल शंका काढली तर आत्याबाई म्हणाल्या, "मग काय कुनाचं खरं पोर गारठ्यात निजवू?" बारा वाजता बायकांनी पाळणा म्हटला. पाळण्याखालून-वरून नारळाचं देणंघेणं झालं. आत्याबाई वाकल्या, कुंचीपाशी तोंड नेऊन कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. आणि रीतीप्रमाणे वीस-पंचवीस बायका बुक्क्या उगारून त्यांच्या पाठीवर तुटून पडल्या.

सगळं सगळ्यांनी वडिलांना समजावलं होतं. हे एवढंच सांगायचं राहिलं होतं.

"वृद्ध स्त्रीस मारू नका!" अशी आरोळी ठोकून वडिलांनी उडी घेतली आणि आत्याबाईंवर स्वतःची पाठ धरली. एकदा सुरू झालेला बायकांचा हात लगेच थांबत नाही. मी हसून हसून गव्हाणीला धरून उभा होतो, आणि नेमके त्याच वेळी मुंबईचे साहेब आपल्या जोडीदारासह गोठ्याच्या दारात आले. त्यांना दिसलं ते असं, की आपल्या प्रचारकाला शेणाने सारवलेल्या जमिनीवर पालथं पाडून गावच्या बायका बडवतायत आणि मराठीचा मास्तर हसतोय.

"हे तुला का मारतायत?" साहेब इंग्रजीत ओरडले.

"मला नाही," वडील उठून टाय सरळ करत म्हणाले. "या बाळाच्या आत्याला मारत होत्या. मी मध्ये आलो."

"कुठलं बाळ?"

वडिलांनी पाळण्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी वाकून आत पाहिलं आणि सावकाश गव्हाणीच्या काठावर बसले.

"ह्या टकल्याला आधी घुगऱ्या द्या गं," आत्याबाई कंबर चोळत म्हणाल्या. "उपाशी मान्साला राग लौकर येतो." वडिलांनी शब्दन् शब्द भाषांतर करून सांगितला. साहेबांनी काढलेली हॅट परत घातली.

चौकशी सुरू झाली. मी हळू आवाजात गावाला सांगत होतो, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की वडिलांचं राहणं-जाणं आता ठरणार. जोडीदार कोण होतं? दिवसा ह्या आणि संध्याकाळनंतर मास्तर, वडील म्हणाले. साहेबांनी आत्याबाईंकडे नखशिखान्त बघितलं. मग त्यांनी विचारलं, "या तीन आठवड्यांत तू कधी एकटा राहिलास का?"

मी वडिलांना डोळ्याने खुणावलं. पाटलांनी खोकून खुणावलं. नाही म्हण, लेका, एवढंच नाही म्हण.

"होय," वडील म्हणाले. "मंगळवारी दुपारी. आत्याबाई चिंचेखाली झोपल्या होत्या. मी अंदाजे अर्धा तास एकटा होतो." त्यांचा आवाज शेवटी चिरकला, पण वाक्य त्यांनी पुरं केलं.

साहेबांनी मान हलवली आणि घड्याळ पाहिलं. माझ्याकडून हे कळताच आत्याबाई चवताळून पुढे आल्या.

"झोपले न्हवते मी! डोळं मिटलं व्हतं. कान जागं व्हतं. तू ते तुझं भाषान पाठ करत व्हतास. तीनदा म्हनलास. दर टायमाला 'आमचा बाप जो आभाळात हाय' ह्येच्या फुडं आडखळलास आन् पायानं खडा उडवलास. खडा माज्या गुडघ्याला लागला. बोल, लागला का न्हाई?"

वडील भाषांतर करता करता मध्येच थांबले. त्यांचे कान लाल झाले. मग सगळा चेहरा असा उजळला, की आजही डोळ्यांपुढे आहे.

"साहेब," ते म्हणाले, "हे खरे आहे. मी तिथेच अडखळलो होतो. खडाही उडवला होता. म्हणजे मी एकटा नव्हतो!"

गोठ्यात एकच जल्लोष झाला. गाईनेसुद्धा दावं ओढलं. साहेबांनी बराच वेळ घुगऱ्या खाल्ल्या. मग म्हणाले, या बाईंबद्दल माझी काही तक्रार नाही, पण कायमचा जोडीदार आपल्यातलाच लागतो. माझ्यासोबतचा हा मुलगा इथे ठेवता आला असता. पण मग मी मुंबईला एकटा कसा जाऊ? नियम मलाही आहे.

"ह्यात काय आवघड?" आत्याबाई म्हणाल्या. "मास्तर जातील की संगं. नाताळची सुट्टीच हाय त्यास्नी."

मला कुणी विचारलं नाही. तासाभरात मी चिंचवड स्टेशनावर साहेबांशेजारी उभा होतो. मागे राहिलेल्या नव्या पोराकडे अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नव्हतं, त्याला पाटलांनी धोतर दिलं. गाडीत साहेब माझ्याशेजारी हातांची घडी घालून बसले, म्हणून मीही घातली. लोणावळ्याला मला चहाची तलफ आली. मी उतरलो तर जोडीदार म्हणून साहेबही उतरले आणि मी चहा पिऊन होईपर्यंत पाठ करून डोंगर बघत राहिले. त्यांना मुंबईत त्यांच्या बायकोच्या ताब्यात दिलं आणि सगळे नियम मोडत मी एकटा परत आलो.

वडील उन्हाळ्यापर्यंत राहिले. जाताना त्यांनी म्हशीचाही निरोप घेतला. पुढे कुठे दुसरीकडे त्यांनी दोन वर्षं पुरी केली, तसं त्यांचं कार्ड आलं: "कार्य तडीस नेले. आता बाकावर बसतो." आकुर्डीत एकाही माणसाने त्यांचा धर्म घेतला नाही. आत्याबाईंनी मात्र दर नाताळला गोठ्यात पाळणा बांधायचा सोडला नाही. विचारलं तर म्हणायच्या, एकदा आत्या झाल्यावर काय, पोराला टाकायचं?

पाच-सहा वर्षांनी अमेरिकेचं पाकीट आलं. आत दुपट्यात गुंडाळलेल्या तान्ह्या मुलीचा फोटो आणि तीच पुस्तकी मराठी. "मला कन्यारत्न प्राप्त झाले आहे. मला बहीण नाही हे आपणांस ठाऊक आहेच. येथे आम्ही नाव ठेवले आहे, परंतु ते कानात कोणी सांगितलेले नाही. ते काम आपले आहे. आपण सांगाल तेही नाव ठेवू. आपला जोडीदार."

मी पत्र घेऊन गेलो तेव्हा आत्याबाई उन्हाला बसल्या होत्या. तोवर त्या फार थकल्या होत्या आणि दिसायचंही कमी झालं होतं. पत्र त्यांनी दोनदा वाचून घेतलं. मग फोटो हातात घेऊन चाचपला. "कान कुटं हाय?" मी त्यांचं बोट धरून कानावर ठेवलं. त्यांनी फोटो तोंडाशी नेला, कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. मला काही ऐकू आलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, "तिला आयकू गेलं, बास. तू मागनं लिवून घे."

फोटो त्यांनी परत दिला नाही. पदर सावरून माझ्याकडे पाठ करून बसल्या. "मार."

"राहू द्या की आत्याबाई," मी म्हटलं. "इथं कोण बघतंय?"

"पत्रात लिवायचंय ना, बुक्की मारली म्हनून? त्या लेकराला खोटं चालत न्हाई. मार."

मी मारली. पाठ नुसती हाडांची उरली होती, म्हणून हळूच मारली.

आत्याबाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "हळू मारली आसं लिवशील का?"

मग मी जोरात मारली.